आणलेल्या टाइल्सपेक्षा बसवलेल्या टाइल्स जास्त: नाशिकमधील एका घरदुरुस्ती ठेकेदाराच्या कामाचा आणि बिलाचा अनुभव

नाशिकच्या इंदिरानगर भागातील आमच्या पंधरा वर्षे जुन्या फ्लॅटमधील दोन बाथरूम, स्वयंपाकघराचा ओटा आणि ड्राय बाल्कनी यांचे नूतनीकरण आम्ही गेल्या उन्हाळ्यात एका स्थानिक ठेकेदाराकडून करून घेतले. पंचवीस दिवसांत संपवायचे ठरलेले काम बावन्न दिवस चालले, सुमारे १,४०,००० रुपयांच्या अंदाजपत्रकाचे बिल १,९८,८७७ रुपये झाले, आणि ते बिल हातात पडल्यानंतर तिसऱ्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरील काकूंच्या छताला ओल आली. पुढे लेखी तडजोड झाली असल्यामुळे ठेकेदाराचे नाव मी येथे देत नाही. मात्र काम कसे झाले, बिल कसे फुगले आणि ते कोणत्या आधारावर कमी करून घेता आले, हे सविस्तर लिहिते. पाचपैकी दीड तारा देत आहे. त्यातला एक तारा ज्या वयस्कर गवंड्याने ओट्यामागच्या टाइल्स बसवल्या त्याचा आहे आणि अर्धा तारा ठेकेदार अखेरीस मोजणीला स्वतः आला म्हणून आहे.

सुरुवातीला तक्रारीला जागा नव्हती. ठेकेदार ठरल्या वेळी घरी आला, टेप लावून मापे घेतली, बोलणे सभ्य होते आणि दुसऱ्या दिवशी त्याने लेटरहेडवर एक पानी अंदाजपत्रक पाठवले. टाइल्स, ग्रॅनाइट आणि नळ आम्ही आणायचे, बाकी साहित्य आणि मजुरी त्याची, असे ठरले. टाइल्स बसवण्याची मजुरी ६० रुपये चौरस फूट, प्लंबिंग १,८०० रुपये प्रति पॉइंट, ओटा ७०० रुपये रनिंग फूट (म्हणजे लांबीच्या दर फुटाला), वॉटरप्रूफिंग दर बाथरूमला १२,००० रुपये, आणि ‘तोडफोड, मलबा उचलण्यासह’ १५,००० रुपये. सिमेंट आणि वाळू प्रत्यक्ष वापराप्रमाणे. मी अंबडच्या एका कारखान्यात लेखा विभागात काम करते आणि दिवसभर दुसऱ्यांची बिले तपासते. तरीही या कागदात दर आहेत पण माप कसे घ्यायचे हे कोठेच नाही, ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. पॉइंट म्हणजे नेमके काय, दाराची वजावट धरायची की नाही, एल आकाराच्या ओट्याचे माप कोणत्या कडेने घ्यायचे, याबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. दर पाहून आम्ही खूश झालो. बिल मात्र दराने वाढले नाही, मापाने वाढले.

कामाच्या काळात घरी माझे सासरे, म्हणजे बाबा, होते. ते नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झाले आहेत. मोजल्याशिवाय कोणतीही गोष्ट घेऊ नये किंवा देऊ नये ही सवय त्यांना नोकरीने लावलेली आहे. त्यांनी दाराजवळच्या खुर्चीत बसून दोनशे पानी वहीत रोजची नोंद ठेवली: किती माणसे आली, किती वाजता गेली, सिमेंटच्या किती गोण्या वर आल्या, मलब्याचा टेम्पो किती वेळा भरला. आम्ही त्यांची थोडी थट्टाही केली. पुढे सगळ्या वादात सर्वांत वजनदार पुरावा त्या वहीचाच ठरला, आणि सोसायटीच्या फाटकावरचे रजिस्टर तिच्याशी जुळवल्यावर ठेकेदाराला त्यावर बोलायला फारशी जागा राहिली नाही.

काम मागे पडू लागले तेव्हा ‘सिंहस्थाची कामे निघाली आहेत, माणूस मिळत नाही’ हे कारण आले. शहरातल्या रस्त्यांची स्थिती पाहता ते अगदीच खोटे म्हणता येणार नाही, पण आमच्याकडचा मुख्य गवंडी तीन वेळा मध्येच काढून दुसऱ्या साइटवर पाठवला गेला, हे त्याने स्वतःच बाबांना सांगितले. तो नसताना जी पोरे आली त्यांनीच दोन्ही बाथरूमचे काम केले. ओट्यामागच्या टाइल्स आणि बाथरूममधल्या टाइल्स एकाच पेटीतल्या आहेत, हे आजही पाहणाऱ्याला खरे वाटत नाही. ओट्यामागे कोपऱ्यावर दोन्ही टाइल्सच्या कडा तिरप्या घासून सांधा असा जुळवला आहे की नख अडकत नाही. बाथरूममध्ये दाराच्या चौकटीजवळ अर्ध्या इंचाची फट पांढऱ्या सिमेंटने बुजवलेली आहे, आणि ती खाली अर्धा व वर पाऊण इंच आहे, म्हणजे भिंतीला ओळंबा लावलाच नव्हता.

बिल आले ते व्हॉट्सॲपवर, फोटोच्या रूपात. तोडफोड १५,०००, मलबा वाहतूक १०,०००, वॉटरप्रूफिंग २४,०००, टाइल्स ५७१ चौरस फूट, ३४,२६०, प्लंबिंग १९ पॉइंट, ३४,२००, ओटा १३ रनिंग फूट, ९,१००, सिमेंट ४६ गोण्या, १७,४८०, वाळू आणि विटा १४,५००, सुपरव्हिजन १०,०००. एकूण १,६८,५४०, त्यावर १८ टक्के जीएसटी ३०,३३७, म्हणजे १,९८,८७७ रुपये. आम्ही आधी १,१०,००० दिलेले होते, त्यामुळे ८८,८७७ रुपये ‘दोन दिवसांत द्यावेत’ असा मजकूर खाली होता. आमच्या १,१०,००० पैकी ६०,००० बँकेतून गेले होते आणि ५०,००० रोख. रोख रकमेची पावती त्याने दिली नव्हती, पण त्याच संध्याकाळी ‘५० मिळाले मॅडम’ असा त्याचा संदेश आला होता आणि तो मी पुसला नव्हता.

त्या रात्री यजमानांनी आणि मी घरातल्या पाच मीटरच्या टेपने सगळे पुन्हा मोजले. दोन्ही बाथरूम सारख्याच मापाच्या आहेत: ७ फूट बाय साडेचार फूट. चारही भिंतींची लांबी २३ फूट होते. टाइल्स ७ फूट उंचीपर्यंत आहेत, वर रंग आहे. म्हणजे १६१ चौरस फूट. त्यातून दाराचे साडेसतरा आणि व्हेंटिलेटरचे ३ वजा केले की १४०.५, दोन्ही मिळून २८१. ओट्यामागची भिंत १३ फूट बाय ४ फूट, खिडकीचा भाग वजा जाता ४८. भिंतीवरच्या टाइल्स अशा ३२९ चौरस फूट होतात. जमिनीच्या दोन्ही बाथरूममध्ये ६३ आणि ड्राय बाल्कनीत ३६, म्हणजे ९९. सगळे मिळून ४२८. बिलात ५७१ होते.

१४३ चौरस फुटांचा हा फरक कोठून आला हे शोधायला मला तासभर लागला, कारण तो एका जागी नव्हता. भिंतीची उंची ७ ऐवजी ८ फूट धरली होती. दार, खिडकी, व्हेंटिलेटर यांपैकी कशाचीच वजावट नव्हती. त्यामुळे भिंतीचे ३२९ चे ४२० झाले होते. मग भिंत आणि जमीन दोन्हींवर दहा टक्के ‘वेस्टेज’ चढवले होते, म्हणून ४२० चे ४६२ आणि ९९ चे १०९. वेस्टेज ही गोष्ट टाइल्स विकत घेताना धरायची असते, कारण कापताना तुकडे वाया जातात आणि काही फुटतात. ते नुकसान टाइल्स आणणाऱ्याचे, म्हणजे आमचे होते आणि आम्ही ते आधीच सोसले होते. भिंतीवर न लागलेल्या तुकड्याची बसवण्याची मजुरी मागणे हे शिंप्याने कातरणीच्या चिंध्यांचीही शिलाई लावण्यासारखे आहे.

यातला निर्णायक मुद्दा मात्र टेपने नव्हे, टाइल्सच्या दुकानाच्या पावतीने दिला. मोरबीहून येणाऱ्या ३०० बाय ६०० मिलिमीटरच्या भिंतीच्या या टाइल्सच्या पेटीवर ०.९ चौरस मीटर असे छापलेले असते. म्हणजे पेटीत सुमारे ९.७ चौरस फूट. आम्ही ३८ पेट्या आणल्या होत्या. त्यांचे एकूण क्षेत्रफळ ३६८ चौरस फूट भरते, आणि एक पेटी अजूनही माळ्यावर न फोडता पडलेली आहे. घरात आलेल्याच टाइल्स ३६८ चौरस फूट असतील, तर भिंतीवर ४६२ चौरस फूट बसल्या कोठून? हा प्रश्न मी ठेकेदाराला फोनवर विचारला तेव्हा तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘मॅडम, आमच्याकडे माप असंच धरतात.’

गोदावरीला किती पूर आला हे नाशिककर दुतोंड्या मारुतीला पाणी कोठवर लागले यावरून सांगतात, आणि तो हिशेब पिढ्यान्‌पिढ्या सर्वांना मान्य आहे, कारण मारुती सर्वांना दिसतो. ‘आमच्याकडे असंच धरतात’ या मापात मात्र मारुती एकट्या ठेकेदारालाच दिसतो. मोजणीची रूढ पद्धत नाही असे नाही. बांधकामाच्या कामांची मोजमापे कशी घ्यावीत यासाठी आयएस १२०० हे भारतीय मानक आहे. गिलाव्याच्या बाबतीत अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या लहान उघाड्या, म्हणजे भिंतीतल्या मोकळ्या जागा, वजा करत नाहीत, कारण तेथे कडा करण्याची मेहनत वाचलेल्या मजुरीची भरपाई करते. ठेकेदाराने हाच दाखला टाइल्ससाठी पुढे केला असता तर व्हेंटिलेटरच्या तीन चौरस फुटांवर मी वाद घातला नसता. पण साडेसतरा चौरस फुटांचे अख्खे दार, ज्यात टाइल लावायला भिंतच नाही, ते कोणत्याही पद्धतीत लहान उघाडी ठरत नाही.

ओट्याचे प्रकरण सोपे होते आणि बहुतेक घरांत हीच चूक होत असणार, म्हणून लिहिते. आमचा ओटा एल आकाराचा आहे: एका भिंतीला ८ फूट, दुसऱ्या भिंतीला ५ फूट, रुंदी २ फूट. ८ आणि ५ मिळून १३ असे बिलात होते. पण कोपऱ्याचा दोन फुटांचा चौकोन दोन्ही बाजूंच्या मापात येतो, म्हणजे तो दोनदा मोजला जातो. तो एकदा वजा केला की ओटा ११ रनिंग फूटच भरतो. १,४०० रुपयांचा फरक. ठेकेदाराने हा मुद्दा ऐकताच मान्य केला आणि त्यावरून माझी अशी समजूत झाली की सगळेच माप त्याने मुद्दाम वाढवलेले नसावे. काही सवयीने वाढते आणि कोणी विचारत नाही म्हणून तसेच राहते.

प्लंबिंगमध्ये आमचीही बाजू पूर्ण घट्ट नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. प्रत्येक बाथरूममध्ये शॉवरचे गरम-थंड दोन, बेसिनचे दोन, फ्लशचा एक आणि हेल्थ फॉसेटचा एक, असे सहा. दोन्हींचे बारा आणि स्वयंपाकघरात दोन, म्हणजे पाण्याचे १४ पॉइंट. बिलात १९ होते, कारण सांडपाण्याचे पाच निकास त्याने पॉइंट म्हणून धरले होते. अंदाजपत्रकात व्याख्या नव्हती, त्यामुळे दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी उभे राहत होते. पाचपैकी तीन निकास जुनेच होते, त्यांना हातही लागला नव्हता. दोन ठिकाणी मात्र नवी लाइन टाकली होती. आम्ही १६ पॉइंट मान्य केले.

मलब्याचे १०,००० रुपये सरळ उडाले, कारण ‘मलबा उचलण्यासह’ हे शब्द त्याच्याच लेटरहेडवर होते. चार फेऱ्यांची आकारणी होती, बाबांच्या वहीत आणि फाटकावरच्या रजिस्टरमध्ये दोनच टेम्पो होते. सिमेंटच्या ४६ गोण्यांपैकी ३० ची नोंद सापडली. उरलेल्या १६ ‘दुसऱ्या गाडीतून’ आल्या असे तो म्हणाला. पण गोण्या आल्या त्या दिवशी सोसायटीची लिफ्ट बंद होती आणि बिगारी तीन मजले चढून गोण्या वर आणत होते, म्हणून बाबांनी प्रत्येक गोणी मोजून वहीत रेघ मारली होती. त्या पानावर पाच-पाच रेघांचे गठ्ठे आहेत. ठेकेदाराने ते पान दोन वेळा पाहिले आणि वही परत केली. सुपरव्हिजनच्या १०,००० रुपयांना अंदाजपत्रकात आधारच नव्हता, आणि ज्या माणसाच्या नावाने ते लावले होते तो साइटवर कधी आला हेही वहीत नव्हते.

जीएसटीबद्दल अनेकांचा गोंधळ असतो. बिलावर १८ टक्के कर लावला होता, पण जीएसटी क्रमांक नव्हता. हा क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो आणि पुढची दहा अक्षरे धंदेवाइकाच्या पॅनची असतात. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की नोंदणी चालू आहे की नाही हे कोणालाही दिसते. मी क्रमांक मागितला तेव्हा ठेकेदार म्हणाला की त्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत आहे म्हणून नोंदणी नाही. सेवांसाठीची मर्यादा आपल्याकडे २० लाखच आहे, त्यामुळे नोंदणी नसणे हा गुन्हा नाही. पण ज्याची नोंदणी नाही त्याला ग्राहकाकडून कर गोळा करता येत नाही. २०१७ च्या केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३२ मध्ये ते स्पष्ट लिहिलेले आहे. हे ३०,३३७ रुपये सरकारकडे गेलेच नसते. बिलातली ही सर्वांत मोठी जास्तीची रक्कम एका वाक्यात निकाली निघाली.

अशा रीतीने मापाचा हिशेब १,२७,०८० रुपयांवर आला. दिलेले १,१०,००० वजा केले की आमच्याकडून १७,०८० येणे राहत होते, ८८,८७७ नव्हे. येथवरचे सगळे भांडण कागदाचे होते. दर्जाचे भांडण वेगळे आहे आणि ते मी जाणूनबुजून वेगळे ठेवले. बिल आल्या आल्या ‘काम खराब आहे, पैसे देणार नाही’ असे म्हटले असते तर ठेकेदाराने ‘काम आवडले नाही म्हणून पैसे बुडवतात’ असा सूर लावला असता आणि फुगवलेले माप त्या गोंगाटात दडून राहिले असते. आधी माप ठरले, ते त्याच्या सहीने कागदावर आले, मग खराब कामाची किंमत काय हा प्रश्न घेतला.

खालच्या काकूंनी ज्या दिवशी खाली बोलावले त्या दिवशी पाऊस होता. त्यांच्या बाथरूमच्या छतावर ताटाएवढा डाग होता, मधोमध पाण्याचा थेंब लोंबत होता आणि कडेला पांढरा लोणा फुटू लागला होता. ठेकेदाराने फोटो पाहून ‘बाहेरच्या भिंतीतून पावसाचे पाणी येते’ असे निदान फोनवरच केले. डाग बाहेरच्या भिंतीपासून सहा फूट आत होता. आम्ही ते बाथरूम तीन दिवस वापरणे बंद केले. पाऊस चालूच होता, पण थेंब पडणे थांबले. चौथ्या दिवशी नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या तोंडात, प्लास्टिकची पिशवी आणि ओले फडके घट्ट कोंबले, उमऱ्याशी कापडाचा बांध घातला, दोन इंच पाणी भरले आणि भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलीने रेघ मारली. पाच तासांत काकूंच्या छतावर पुन्हा थेंब धरला. सकाळपर्यंत पाणी रेघेच्या बोटभर खाली गेले होते.

ही चाचणी खरे तर टाइल्स बसवण्याच्या आधी करायची असते. वॉटरप्रूफिंगचा थर वाळल्यावर पाणी भरून किमान चोवीस तास, शक्यतो अठ्ठेचाळीस तास ठेवतात, खालच्या घरात जाऊन छत पाहतात आणि मगच फरशीचा मसाला टाकतात. आमच्याकडे सकाळी एक हात मारला आणि संध्याकाळी त्याच्यावर मसाला पडला, ही नोंद वहीत वेळेसह आहे. दुसरा हात, तोही पहिला वाळल्यानंतर आडव्या दिशेने, हा डब्यावरच्या सूचनांत असतो. तो झालाच नाही. पुढे फरशी फोडल्यावर दिसले की थर जमिनीच्या कडेला संपला होता. तो भिंतीवर फूटभर चढवायला हवा, कारण पाणी बहुतेक वेळा जमीन आणि भिंत यांच्या सांध्यातूनच जागा शोधते. ट्रॅपच्या भोवतीही नुसते सिमेंट कोंबलेले होते आणि त्याला केसासारखी चीर गेली होती.

भिंतीच्या टाइल्सची तपासणी आम्ही रुपयाच्या नाण्याने केली. टाइलच्या मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत हलके वाजवायचे. भरीव जागी आवाज बोथट येतो, पोकळ जागी मडक्यासारखा येतो. बाथरूमच्या दोन भिंतींत अकरा टाइल्स कोपऱ्यांत पोकळ वाजल्या. मसाला पूर्ण पाठीवर पसरण्याऐवजी मधे चार-पाच गोळे ठेवून टाइल दाबली की असे होते. ओट्यामागे एकही टाइल पोकळ वाजली नाही.

एवढे झाल्यावर मी ठेकेदाराला दोन पानी लेखी सूचना पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवली. त्यात मापाचा तक्ता, अंदाजपत्रकाची प्रत, पाण्याच्या चाचणीचे दिनांकासह फोटो, दुसऱ्या एका कारागिराने फरशी फोडून वॉटरप्रूफिंग पुन्हा करण्यासाठी दिलेला ३१,५०० रुपयांचा दर, आणि पंधरा दिवसांत दुरुस्ती करून द्यावी अन्यथा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल, एवढेच होते. विशेषणे एकही नव्हती. सोसायटीतल्या काहींनी महारेराकडे, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, जाण्याचा सल्ला दिला होता. तो येथे लागू नाही. रेरा कायद्यातली पाच वर्षांची दोषदायित्वाची तरतूद प्रकल्प विकणाऱ्या प्रवर्तकासाठी आहे, राहत्या घरात डागडुजी करणाऱ्या ठेकेदारासाठी नाही. आपल्यासाठी रस्ता २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आहे. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणे जिल्हा आयोगाकडे जातात, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, ती स्वतः राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि वकील असलाच पाहिजे असे बंधन नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. सेवा दिल्यावर बिल किंवा पावती न देणे हीदेखील या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मी सूचनेत रोख ५०,००० रुपयांच्या संदर्भात लिहिले होते.

सूचना पोचल्याच्या नवव्या दिवशी ठेकेदार स्वतः घरी आला. सोबत त्याचा मुकादम होता. आवाज चढला नाही, हे दोन्ही बाजूंच्या श्रेयाचे आहे. त्याने टेप काढली आणि बाथरूम पुन्हा मोजले. आमच्या मापात आणि त्याच्या मापात दोन्ही बाथरूम मिळून दीड चौरस फुटाचा फरक निघाला, तो आम्ही सोडून दिला. बाबांनी चहा दिला आणि वही समोर ठेवली. तडजोड अशी झाली: मापाचा हिशेब १,२७,०८० रुपये, गळके बाथरूम तो स्वखर्चाने जमिनीपासून पुन्हा करील, काकूंच्या छताच्या दुरुस्तीचे ३,५०० रुपये त्याला द्यायच्या रकमेतून वजा होतील, आणि उरलेले १३,५८० रुपये अठ्ठेचाळीस तासांची चाचणी उत्तीर्ण झाल्यावरच बँकेतून दिले जातील. अकरा पोकळ टाइल्सबद्दल मी माघार घेतली. त्या काढताना शेजारच्या फुटल्या असत्या, आणि त्याच बॅचच्या टाइल्स पुन्हा मिळतीलच याची खात्री नव्हती. घट्ट बसलेल्या आहेत, पडत नाहीत. वाजवले नाही तर कळतही नाही.

दुरुस्तीला पाच दिवस लागले. या वेळी त्याने तोच वयस्कर गवंडी पाठवला. डबा आमच्यासमोर फोडला, दोन हात दिले, थर भिंतीवर फूटभर चढवला, ट्रॅपच्या गळ्याशी वेगळा पट्टा घातला आणि उतार ट्रॅपकडे आहे की नाही हे पाण्याची लोटी ओतून दाखवले. पहिल्या वेळी हे का झाले नाही, असे मी त्याला विचारले. ‘मला त्या दिवशी पाथर्डी फाट्याला पाठवलं होतं, ताई,’ एवढेच तो म्हणाला आणि सांधे पुसू लागला. पाणी शुक्रवारी सकाळी भरले, रविवारी सकाळी पेन्सिलीची रेघ ओलीच होती आणि काकूंचे छत कोरडे होते. सोमवारी पैसे पाठवले आणि ‘पूर्ण व अंतिम’ असे लिहिलेली सही-शिक्क्याची पावती घेतली. तिच्यावर या वेळी रोख ५०,००० रुपयांचाही उल्लेख आहे.

वॉटरप्रूफिंगची लेखी हमी मात्र अजून आलेली नाही. अंदाजपत्रक देताना पाच वर्षांची हमी तोंडी सांगितली होती, तडजोडीच्या दिवशी ‘लेटरहेडवर देतो’ असे म्हटले होते, आणि त्यानंतर तीन वेळा आठवण केल्यावर प्रत्येक वेळी अंगठ्याचे चिन्ह आले आहे. काकूंच्या छताला रंग दिवाळीआधी द्यायचा ठरला आहे. तोपर्यंत डागाची पुसट कडा दिसते, आणि काकू दर दोन दिवसांनी तेथे बोट लावून पाहतात.